अंगठ्याच्या वरचा मजकूर

सांतो दोमिंगो चौक, कमानीखाली
१९ जुलै १९७०

कासिल्दा,

वर 'प्रिय' नाही, ते विसरलो म्हणून नव्हे. दिवसाला वीस-पंचवीस पत्रं मी लोकांसाठी टाइप करतो. त्यातल्या प्रत्येकात 'प्रिय' असतं, जो नवरा तीन वर्षं घरी फिरकला नाही त्याच्या पत्रातही असतं. तो शब्द मला आता वापरलेल्या तिकिटासारखा वाटतो.

परवा मैदानाच्या फाटकावर तू कोचला म्हणालीस, "याला आत सोडू नका." याला. दोन वर्षं तुझ्या बुटांची पिशवी खांद्यावर घेऊन तुमच्या कालव्या-बोटींच्या सोचिमिल्कोच्या बसमध्ये उभा राहिलो, तेव्हा मला नाव होतं. मी कोचला ढकललं हे खरं. पण आधी तो काय म्हणाला ते तू ऐकलं नाहीस. म्हणाला, "पोरा, ही मुलगी दोन वर्षांनी कुठे असेल ते तुला दिसत नाही, कारण तुझं तोंड सारखं तिच्याकडे असतं." मग काय त्याची पप्पी घ्यायची होती?

इटलीत फुटबॉलच्या जागतिक स्पर्धेत तुझ्याशिवाय तुमच्या पोरींनी तिसरा नंबर काढला म्हणे. पेपरात चार ओळी आल्या आहेत, बैलझुंजीच्या बातमीखाली. पुरुषांचे टाकलेले सदरे, खालून दोन-दोन बोटं दुमडून शिवलेले, आणि सरावाला ते धुळीचं मैदान, तेही पहाटे, पुरुष यायच्या आत. याला राष्ट्रीय संघ म्हणायचं. महासंघ तर तुमचं नावही घ्यायला तयार नाही. आणि त्यासाठी तू बापाचं घर सोडून मावशीकडे जाऊन राहिलीस.

त्या कागदाबद्दल मला आता पुन्हा विचारू नकोस. एकवीस वर्षांखालच्या मुलीला बापाची लेखी परवानगी हवी, हा नियम संघाचा, माझा नाही. तुझ्या बाबांना लिहिता येत नाही म्हणून तूच त्यांना माझ्याकडे पाठवलंस. ते आले, स्टुलावर बसले, टोपी मांडीवर ठेवली. त्यांनी सांगितलं आणि मी टाइप केलं: मुलीला परदेशी पाठवण्यास माझी संमती नाही. खाली अंगठा त्यांचा आहे. फुलं कापताना विळ्यानं पडलेला तो आडवा वण तू स्वतः ओळखलास. ते आता म्हणतात, मी हो म्हटलं होतं. म्हातारी माणसं शब्द फिरवतात. एकाचं खरं मानायचं होतं, तू माझं मानलंस. त्यात काही चुकलं नाही.

मी एवढंच म्हटलं होतं की इटली तर गेली, आता लग्न करू. त्यावर तू म्हणालीस, "पुढच्या साली जगातले संघ इथंच येणार आहेत. तेव्हा मी एकवीसची असेन. मला कुणाचा कागद लागणार नाही. तुझाही नाही."

हसत म्हणाली असतीस तर सोसलं असतं.

एलिगिओ


४ नोव्हेंबर १९७०

कासिल्दा,

चार पत्रांना उत्तर नाही. हे पाचवं. मावशी तुला देत नसेल, किंवा तू चुलीत घालत असशील. जळताना कार्बनच्या शाईचा वास येतो, तेवढा तरी घे.

मृतांच्या दिवसासाठी आईनं मला झेंडू आणायला फुलबाजारात धाडलं. अख्खा बाजार टाळून दुसऱ्या टोकाला गेलो आणि नेमके तुझे बाबा समोर. झेंडूच्या ढिगाआड फक्त टोपी दिसत होती. मी वळलो तोच हाक आली.

"लिहिणारे, आज लिहायचं सोडून कुठं?"

"आईनं फुलं आणायला पाठवलंय, काका."

"मग घे की. लाजतोस काय नवऱ्या मुलासारखा."

त्यांनी दोन्ही हातांत मावणार नाही एवढा भारा माझ्या अंगावर टाकला. मी खिशात हात घातला तर म्हणाले, "ठेव. तू कुठं माझ्याकडून घेतले होतेस." त्या कागदाचे मी पैसे घेतले नव्हते, हे त्यांना आठवत होतं. मग बराच वेळ ते पेंढी बांधत राहिले.

"परवा ती आईच्या थडग्याशी आली होती. मी पोचलो तेव्हा मेणबत्ती अर्धी जळलेली, आणि ती नाही. माझी वेळ तिला ठाऊक आहे, म्हणून त्याच्या आधी येऊन गेली."

मी भाऱ्यातली मोडकी फुलं खुडत राहिलो.

"पोरा, त्या कागदात तू नीट लिहिलं होतंस ना?"

"म्हणजे काय काका?"

"काही नाही. आपलं विचारलं. मशीन आहे, मशिनाचं काय सांगावं."

मी त्यांना जे उत्तर द्यायचं ते दिलं. फुलं घेऊन घरी आलो. आई म्हणाली, एवढी फुलं कुणी फुकट देतं का, कुणाचं काय केलंस? आणि मी आईवर ओरडलो. मृतांच्या दिवशी, तिनं मांडलेल्या माझ्या बाबांच्या फोटोसमोर.

हे सगळं तुझ्यामुळे होतंय. तुझ्या अकरा जणींमुळे. लोकांना मी सांगतो की अडुसष्टच्या विद्यार्थ्यांच्या संपात कॉलेज सोडलं. ऐकणारे मान डोलावतात, एकानं तर मेस्काल दारूचा पेला पाजला. खरं तुला ठाऊक आहे. दोन पेपर तुझ्या सामन्यांच्या दिवशी होते, आणि तिसऱ्याला परीक्षकाच्या टेबलावर मी शाईची बाटली उलथली. इंजिनियर व्हायचा होतो. आता कमानीखाली बसून दुसऱ्यांच्या बायकांना 'प्रिय' लिहितो.

एलिगिओ


२३ ऑगस्ट १९७१

कासिल्दा,

परवा इंग्लंडविरुद्धचा सामना मी पाहिला. येणार नव्हतो. गोलचे खांब गुलाबी रंगवले आहेत आणि कपडे बदलायच्या खोलीत केस करायला बाई बसवली आहे, असं वाचलं तेव्हा मी शेजारच्या टेबलावरच्या फाउस्तिनोमास्तरांना म्हटलं, ही स्पर्धा की लग्नाचा हॉल? मास्तर चाळीस वर्षं कमानीखाली बसतात आणि कशालाच हसत नाहीत. म्हणाले, "मग तिकीट कशाला काढलंस?"

नव्वद हजार माणूस. गेल्या वर्षी तुमच्या सरावाला मी आणि एक कुत्रा असायचो.

माझ्या शेजारी एक जाड्या बसला होता, कागदात भाजलेली कणसं घेऊन. तू मैदानात आलीस तसा तो मित्राला म्हणाला, "तीन नंबरवालीच्या मांड्या बघ." मी त्याला मारलं. त्यानं मला मारलं. माझा एक दात गेला, वरचा, डावीकडचा. तुझ्यासाठी गेला असं समजू नकोस. दात माझा, डोकं माझं.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. मला ढकलून तो परत जागेवर बसला. मध्यंतराच्या आधी ती लाल केसांची इंग्लिश पोरगी तुझ्या अंगावर चेंडू घेऊन आली. तू मागे मागे सरकत राहिलीस, घाई केली नाहीस, तिला कडेला नेत नेत जागाच संपवलीस, आणि मग पाय घातलास. चेंडू तुझा. तो जाड्या उठून उभा होता. कणसं खाली सांडली होती. ओरडत होता, "तीन नंबर, शाब्बास, आता सोडू नकोस तिला." मांड्या विसरला होता. माझ्याकडे वळून म्हणाला, "बघितलंस का, कशी घेतली ती?" आणि माझ्या खांद्यावर हात टाकला. ज्याचा दात पाडला त्याच्याच.

मांड्या बघणाऱ्याला मारता येतं. खेळ बघणाऱ्याचं काय करायचं?

चार-शून्य. लोक स्टेडियमबाहेर गाड्यांच्या टपावर नाचत होते. माझ्या तोंडातून रक्त येत होतं आणि एक म्हातारी मला म्हणाली, "जिंकलो रे बाळा, रडतोस काय?"

तू आता सगळ्यांची झालीस. मला हे आवडलेलं नाही. स्वच्छ लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की एलिगिओ आनंदात होता.

एलिगिओ


४ सप्टेंबर १९७१, शनिवार

कासिल्दा,

हे पत्र पाकिटात नाही. ते तुझ्या हाती उघडंच पडेल, आणि कुणाच्या हातून पडेल ते खाली येईलच.

हा आठवडा मी खुशीत होतो. उपांत्य सामन्यात तुम्ही इटलीला काढलंत तेव्हा सगळं शहर तुमच्या पायाशी होतं. मग तुम्ही म्हणालात, स्टेडियम आमच्यामुळे भरतं, तर आम्हालाही वाटा द्या, नाहीतर अंतिम सामना खेळणार नाही. आणि तेच पेपरवाले फिरले. हावरट म्हणाले, देशाची लाज काढली म्हणाले. मी ती कात्रणं मशीनवर लावून ठेवली. मास्तर म्हणाले, "हॉटेलात भांडी घासणाऱ्यालाही जेवण देतात." मी म्हटलं, तुम्ही तुमचं बघा.

काल दुपारी तुझे बाबा आले. स्टुलावर बसले, टोपी मांडीवर. मागच्या वेळेसारखंच. म्हणाले, "लेकीला निरोप लिहायचाय. सगळे तिला बोलताहेत, आपण काहीतरी बोलावं." आणि एकेक वाक्य सांगितलं. तीनच होती. रविवारी मी बघायला येतोय. गेल्या साली मी हो म्हटलं होतं. बाकीचं भेटल्यावर.

मी पहिलं टाइप केलं. तिसरं टाइप केलं. कागद काढला, शाईची डबी पुढे सरकवली.

"असं नको," ते म्हणाले. "ते मास्तर वाचून दाखवतील मला."

कमानीखालचा नियमच आहे तो. कागद वाचून दाखवल्याशिवाय अंगठा घ्यायचा नाही. पहिल्याच दिवशी मास्तरांनी मला शिकवला होता. मास्तरांनी चष्मा लावला, कागद हातभर लांब धरला आणि वाचलं. रविवारी मी बघायला येतोय. बाकीचं भेटल्यावर.

"मधलं एक राहिलं," तुझे बाबा म्हणाले.

"चुकून सुटलं असेल, काका."

"नाही. तू मध्ये थांबला होतास. माझं वाक्य होईल एवढाच थांबलास, आणि हात चालला नाही." ते आवाज चढवत नव्हते. "मास्तर, ज्याला वाचता येत नाही ना, त्याला आपलं बोललेलं सगळं तोंडपाठ ठेवावं लागतं. मला गेल्या सालचंही पाठ आहे. सांगू?"

आणि त्यांनी सांगितलं. माझ्यासमोर, मास्तरांसमोर, शेजारी लग्नपत्रिका छापणारा आणि त्याची दोन गिऱ्हाइकं उभी होती त्यांच्यासमोर. माझी मुलगी चांगली खेळते असं लोक सांगतात. मी पाहिलेलं नाही. तिला जिथं जायचं तिथं जाऊ द्यावं. परत येईल तेव्हा मी बोटीपाशी उभा असेन.

हेच. शब्द न् शब्द हेच त्यांनी गेल्या साली सांगितलं होतं. आणि मी टाइप केलं होतं, संमती नाही. वाचून दाखवलं नाही. त्यांचा अंगठा मी माझ्या हातानं धरून दाबला.

वाटलं होतं, ते मारतील. मारलं असतं तर मी पण काहीतरी केलं असतं आणि बरं झालं असतं. ते म्हणाले, "चौदा महिने मी स्वतःलाच विचारतोय, मी तसं बोललो असेन का म्हणून. बायको गेल्यापासून विसरायला होतं. मला वाटलं, तोंडातून तसंच गेलं असेल." आणि मांडीवरची टोपी फिरवत, "माझ्यावर माझाच भरवसा उडवलास की रे तू."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी माझ्या मशीनवरची कात्रणं एकेक काढली आणि घडी करून कचऱ्याच्या डब्यात टाकली.

"आता तू तुझं लिही," बाबा म्हणाले. "तुझ्या नावानं. मी उद्या घेऊन जाईन. वाटेत दोघा-तिघांकडून वाचून घेईन, हे लक्षात ठेव."

म्हणून हे पत्र. बाबांना मी कालच म्हटलं, लिहितो आणि सही करतो. ते म्हणाले, "सही नको. या कमानीखाली सही कुणाचीही करून मिळते. अंगठा लाव."

तर हे लिहिलेलं आहे. मी माफी मागत नाही. ती मागायची सवय मला दुसऱ्यांसाठी आहे, रोज लिहितो, त्यामुळे ती खोटीच वाटेल. मी ते तुझ्यावरच्या प्रेमानं केलं, असं कुणी सांगितलं तर तेही मानू नकोस. तू परत आल्यावर माझ्यापेक्षा मोठी झालेली असशील, याची भीती वाटली म्हणून केलं. आणि तू न जाताच झालीस.

खालचा अंगठा माझा आहे. तो स्वच्छ आहे. त्यावर एकही वण नाही, कारण या हातानं आजवर कापून घेण्यासारखं काही काम केलेलं नाही.

एलिगिओ


६ सप्टेंबर १९७१

कासिल्दा,

हे पत्र तुला देण्यासाठी नाही. मशीन समोर आहे आणि सकाळपासून गिऱ्हाईक नाही. माझ्यापुढे कुणी बसत नाही. कमानीखाली बातमी मशीनपेक्षा लवकर छापली जाते.

वाटा न मिळताच खेळलात आणि हरलात. तीन-शून्य. डेन्मार्कच्या पोरी दुप्पट उंच होत्या आणि तुम्ही आठवडाभर नीट झोपला नव्हतात, ते वरच्या रांगेतूनही दिसत होतं. शेवटी तू कमरेवर हात ठेवून उभी होतीस. मला बरं वाटेल असं वाटलं होतं. तिकीट त्याचसाठी काढलं होतं.

तुझे बाबा खालच्या कुंपणाशी होते, डेलियाची फुलं धरून. एवढ्या गर्दीत ती चुरगळली होती. तू धावत आलीस तेव्हा मला वाटलं, मिठी वगैरे. पण तुम्ही दोघं जाळीच्या दोन बाजूंना नुसते उभे राहिलात. मग त्यांनी जाळीतून एकेक देठ आत सरकवायला सुरुवात केली, एकेक, आणि तू एकेक घेत राहिलीस. सगळी आत जाईपर्यंत. शेजारी पोलीस होता, त्यानं तोंड फिरवलं. मी पण जिना उतरलो.

आज दहाच्या सुमारास बाबा इथं आले. माझं स्टूल रिकामं होतं. ते त्याच्यासमोरून गेले आणि मास्तरांच्या टेबलाशी बसले. टोपी मांडीवर.

"संघाच्या कचेरीला परवानगीचा कागद द्यायचाय," ते म्हणाले. "पुन्हा कुठं जायचं निघालं तर असावा."

"कासिल्दा एकवीसची झाली ना?" मास्तर म्हणाले. "आता बापाची परवानगी लागत नाही, एर्मिलो. आणि संघ तरी पुढे राहतोय का नाही, कोण जाणे. उगाच कागद वाया."

"तिला लागत नसेल. मला द्यायची आहे."

मास्तरांनी कागद चढवला. बाबा सांगत गेले, मास्तर टाइप करत गेले. मग मास्तरांनी कागद काढला, हातभर लांब धरला आणि नेमानं वाचून दाखवला. एवढ्या मोठ्यानं त्यांना कधी वाचताना ऐकलं नव्हतं. लग्नपत्रिकावाल्यानं छापयंत्राचं चाक थांबवलं.

माझी मुलगी चांगली खेळते. मी पाहिलं आहे. तिला जिथं जायचं तिथं जाऊ द्यावं. परत येईल तेव्हा मी बोटीपाशी उभा असेन.

बाबांनी थोडा वेळ मान खाली घालून ते मनात ताडून पाहिलं. मग म्हणाले, "हां. एवढंच." आणि अंगठा स्वतःच्या हातानं लावला.